मेलानोमातील टी-पेशी नेमक्या कुठे उभ्या आहेत?

काचपट्टी, पुणे

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याच्या शाखेत, मी बावीस वर्षे काम करते आहे. मागच्या आठवड्यात एका तरुण सहकाऱ्याने मेलानोमाचा अहवाल माझ्याकडे पाहायला दिला. गाठीची जाडी, पृष्ठभागावरचा व्रण, विभाजन होत असलेल्या पेशींची संख्या हे सारे त्याने काळजीपूर्वक नोंदवले होते. रोगप्रतिकारक पेशींबद्दल मात्र ‘लिम्फोसाइट दिसतात’ एवढे एकच वाक्य होते. (लिम्फोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, आणि शीर्षकातल्या टी-पेशी हा त्यांचाच एक गट.) मी त्याला काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावायला सांगितली आणि विचारले, की दिसतात हे खरे, पण कुठे दिसतात? पुढचा अर्धा तास आम्ही दोघे त्या एका प्रश्नावर बसलो होतो. डॉक्टर नसलेल्या वाचकांनाही तो प्रश्न समजावा आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा काढते आहे.

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा कर्करोग. त्वचेच्या इतर कर्करोगांच्या मानाने तो कमी आढळतो, पण शरीरभर पसरण्याची त्याची ताकद फार मोठी आहे. असे असूनही, आपली रोगप्रतिकारक यंत्रणा ज्या कर्करोगांची दखल उघडपणे घेते त्यांत मेलानोमा वरच्या क्रमांकावर आहे. काही रुग्णांत मूळ काळ्या डागाचा एखादा भाग आपोआप विरून पांढुरका पडतो. तेथील काप पाहिला, तर कर्कपेशींच्या जागी तंतुमय ऊती, लिम्फोसाइट आणि रंगद्रव्य गिळून बसलेल्या भक्षकपेशी दिसतात. एके काळी तिथे झटापट झाली होती आणि ती शरीराने जिंकली होती, याचा हा पुरावाच असतो. पण बहुधा तो एका कोपऱ्यापुरताच असतो आणि शेजारी गाठ वाढतच असते.

आमचा नेहमीचा काप सुमारे चार मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हेमाटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो. या दोन रंगांत लिम्फोसाइट ओळखणे अवघड नाही, कारण तिचे केंद्रक मोहरीच्या दाण्यासारखे गोल आणि गर्द असते व भोवती पेशीद्रव्याची जेमतेम एक किनार असते. फिलाडेल्फियातील वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मेलानोमाच्या रुग्णांच्या भवितव्याचा अंदाज बांधणारी जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात या पेशींची तीन गटांत वर्गवारी होती. खोलवर वाढणाऱ्या गाठीच्या संपूर्ण तळाशी किंवा तिच्या सर्व भागांत लिम्फोसाइट शिरलेल्या असतील तर ‘ब्रिस्क’, काही ठिकाणीच शिरलेल्या असतील तर ‘नॉन-ब्रिस्क’, आणि मुळीच शिरलेल्या नसतील तर ‘अनुपस्थित’. यात एक अट आहे आणि नवशिके नेमके तिथेच चुकतात. लिम्फोसाइट कर्कपेशींच्या मध्ये घुसून त्यांना भिडलेल्या असल्या पाहिजेत. गाठीबाहेरच्या तंतुमय ऊतीत त्यांची कितीही दाटी असली, तरी आत एकही शिरलेली नसेल तर वर्ग ‘अनुपस्थित’च राहतो. गडाच्या पायथ्याशी तळ देऊन बसलेले सैन्य आणि तट ओलांडून आत उतरलेले सैन्य यांची मोजदाद एकत्र करून चालत नाही.

असे का, याचे उत्तर मारक टी-पेशीच्या कामाच्या पद्धतीत आहे. ही पेशी दुरून काही फेकत नाही. ती कर्कपेशीला चिकटते, दोघींच्या मधल्या अरुंद फटीत परफोरिन नावाचे प्रथिन सोडते, त्याने कर्कपेशीच्या आवरणाला भोके पडतात आणि त्या वाटेने ग्रँझाइम ही दुसरी प्रथिने आत जाऊन पेशीचा मृत्यू घडवतात. स्पर्श झाला तरच हे सारे घडते. गाठीपासून पन्नास मायक्रॉनवर अडकून पडलेली टी-पेशी रुग्णाच्या दृष्टीने, निदान त्या क्षणी, नसल्यासारखीच असते.

२०१४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अँटोनी रिबास यांच्या गटाने शरीरात पसरलेल्या मेलानोमाच्या ४६ रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. या रुग्णांना पीडी-१ हा रेणू रोखणारे औषध, म्हणजे टी-पेशींवरचा लगाम सैल करणारे औषध, दिले जाणार होते. ज्यांच्या गाठीच्या कडेवर, जिथे कर्कपेशी निरोगी ऊतीत घुसत असतात त्या सीमेवर, सीडी८ या खुणेच्या, म्हणजे मारक, टी-पेशी उपचारांपूर्वीच दाट होत्या, त्यांच्यात औषध लागू पडण्याचे प्रमाण जास्त आढळले. पुढच्या बायोप्सींत त्याच पेशी संख्येने वाढून गाठीच्या आत सरकलेल्या दिसल्या. पेशी सुट्या करून मोजणारी उत्तम यंत्रे आज उपलब्ध आहेत आणि ती मिनिटांत लाखो पेशी मोजतात. पण त्यासाठी ऊती विरघळवावी लागते आणि ऊती विरघळली, की प्रत्येक पेशीचा पत्ता हरवतो. तो पत्ता जपणारे साधन सूक्ष्मदर्शकच आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि अहवालात तो पत्ता न लिहिणे हे मी चूकच मानते.


डॉ_अनुराधा, नागपूर

काचपट्टीताई, विषय फार चांगला मांडलात. मी त्वचारोगतज्ज्ञ असल्यामुळे माझे काम काप घेण्याच्या आधीचे असते, म्हणून त्या बाजूने थोडी भर घालते.

त्वचेत रोगप्रतिकारक पेशी पहिल्यांदा दिसल्या त्या १८६८ साली. बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्वचेचे काप गोल्ड क्लोराइडने रंगवले आणि बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्या चेतापेशी (मज्जातंतूंच्या पेशी) असाव्यात असे त्याला वाटले आणि त्या आकाराकडे पाहता तसे वाटणे स्वाभाविकच होते. त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकरी पेशी आहेत, परक्या द्रव्याचा नमुना उचलून लसिकाग्रंथीपर्यंत नेऊन टी-पेशींना दाखवणाऱ्या आहेत, हे कळायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आकार अचूक टिपला गेला होता आणि अर्थ मात्र शतकभर हुकला होता, ही गोष्ट मला सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते.

आज याच पेशी आम्ही जिवंत त्वचेत, सुई किंवा चाकू न लावता पाहू शकतो. त्यासाठीच्या तंत्राला परावर्तन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन म्हणतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील वेलमन प्रयोगशाळेत मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले, की मेलानिन हे रंगद्रव्य प्रकाश इतक्या जोराने परतवते, की वेगळा रंग न घालताही पेशी उजळ दिसतात. लेसरचा अवरक्ताजवळचा प्रकाश त्वचेवर सोडायचा आणि एका बारीक छिद्रातून फक्त ठरावीक खोलीवरून परतणारा प्रकाश घ्यायचा, हे त्याचे तत्त्व आहे. त्वचेत साधारण दोनशे ते अडीचशे मायक्रॉनपर्यंत नजर पोहोचते आणि चित्र आडव्या थरांत मिळते, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या उभ्या कापाहून अगदी निराळे, त्यामुळे डोळा नव्याने तयार करावा लागतो.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती ताईंच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. बाह्यत्वचेच्या वरच्या थरांत चमकणाऱ्या, फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या, की मेलानोमाच्या पेशी वर चढू लागल्या आहेत अशी शंका येते. परंतु लँगरहान्स पेशीही तशाच चमकतात आणि तशाच फांद्यांच्या असतात. शत्रू आणि पहारेकरी एकाच वेशात समोर येतात. अशा वेळी मी बायोप्सी घेते, कारण केवळ त्या चित्रावर विसंबून कोणाला निर्धास्त करणे मला पटत नाही.


रंगद्रव्य, मुंबई

मी प्रयोगशाळेत काप घेण्याचे आणि रंगवण्याचे काम करतो. वरच्या दोन्ही लेखांत ‘दिसते’ हा शब्द अनेकदा आला आहे. मेलानोमात एखादी गोष्ट दिसावी यासाठी टेबलावर काय करावे लागते, ते सांगतो.

सीडी८ सारखी खूण शोधायची, तर कापावर त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड घालतात आणि ते जिथे चिकटेल तिथे रंग उमटवतात. नेहमीचा रंग डीएबी या रसायनाचा, आणि तो तपकिरी. मेलानिनही तपकिरी. स्तनाच्या किंवा आतड्याच्या गाठीत जो रंग एका दृष्टिक्षेपात उठून दिसतो, तोच रंग काळ्याभोर मेलानोमात पूर्णपणे हरवून जातो आणि टी-पेशी कोणती व रंगद्रव्याचा कण कोणता, हे सांगता येत नाही. यावर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे लाल रंग देणारे रसायन वापरणे. त्यासाठी एईसी हे रसायन चालते, पण त्याचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून अशी काच नेहमीच्या पद्धतीने अल्कोहोलमधून न नेता पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमात झाकावी लागते, आणि ती फार वर्षे टिकत नाही. दुसरी वाट मेलानिन विरंजित करण्याची. पोटॅशियम परमँगनेट आणि नंतर ऑक्झॅलिक आम्ल, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड. पण यात काप काचेवरून सुटू शकतो आणि ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा तेही खराब होऊ शकते. तिसरी वाट मला सर्वांत देखणी वाटते: तपकिरी डीएबी तसाच ठेवायचा आणि शेवटी हेमाटॉक्सिलिनऐवजी गिम्सा रंग द्यायचा, म्हणजे मेलानिन हिरवट-निळसर होते आणि टी-पेशी तपकिरी राहतात.

बऱ्याच जणांना वाटते की निदान सूक्ष्मदर्शकापाशी सुरू होते. माझ्या अनुभवात ते फॉर्मॅलिनच्या, म्हणजे काढलेली ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या, डबीपाशी सुरू होते. गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडली नाही, किंवा फॉर्मॅलिन अपुरे पडले, तर पुढे कोणताही महागडा प्रतिपिंड वापरला तरी टी-पेशी फिकट दिसतात आणि ‘अनुपस्थित’ असा अहवाल जाण्याची भीती राहते.


पंचगंगा, कोल्हापूर

मी डॉक्टर नाही, शाळेत मराठी शिकवते. हा धागा मी तीनदा वाचला, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझे वडील शेतकरी, वय अडुसष्ट. त्यांच्या उजव्या तळपायावर टाचेच्या पुढे एक काळा डाग होता. तो वाढू लागल्यावर आम्ही एका दवाखान्यात दाखवले. तिथे कुरूप आहे म्हणून सांगितले गेले आणि सात महिने कुरूपाचेच उपचार झाले. दोनदा वरून खरवडलेही गेले. नंतर डागातून रक्त येऊ लागले तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले, बायोप्सी झाली आणि मेलानोमा निघाला. शस्त्रक्रिया पार पडली आहे, लसिकाग्रंथीची तपासणी झाली आहे, तीत काही सापडले नाही. अहवालात जाडी २.६ मिलिमीटर आणि त्याखाली ‘लिम्फोसाइट : नॉन-ब्रिस्क’ असे लिहिले आहे. हा शब्द मी शब्दकोशात पाहिला तेव्हा ‘मंद’ असा काहीसा अर्थ मिळाला आणि वडिलांच्या शरीरानेच हात टेकले आहेत की काय, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. काचपट्टीताई, याचा खरा अर्थ काय घ्यायचा?


काचपट्टी, पुणे

पंचगंगाताई, आधी थेट उत्तर देते. ‘नॉन-ब्रिस्क’ म्हणजे शरीराने हात टेकले असे नव्हे. टी-पेशी गाठीत काही ठिकाणी शिरल्या आहेत, सर्वत्र नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. मेलानोमाची पायरी, म्हणजे स्टेज, ठरवताना जाडी, पृष्ठभागावरचा व्रण आणि लसिकाग्रंथींची स्थिती या गोष्टी पाहतात. लिम्फोसाइटचा वर्ग त्यात धरला जात नाही आणि एकट्या त्या शब्दावरून कोणी उपचार ठरवत नाही. जाडी मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडली: बाह्यत्वचेच्या कणमय थरापासून सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे. इतक्या वर्षांनीही अहवालातला सर्वांत वजनदार आकडा तोच आहे. तुमच्या वडिलांच्या लसिकाग्रंथीत काही सापडले नाही, ही त्या कागदावरची सर्वांत चांगली ओळ आहे.

तळपायाचा मेलानोमा हा वेगळा प्रकार आहे आणि भारतात मेलानोमाचे जे थोडे रुग्ण दिसतात त्यांत त्याचा वाटा मोठा असतो. गोऱ्या त्वचेतल्या नेहमीच्या मेलानोमामागे उन्हाची अतिनील किरणे असतात. त्यांच्यामुळे पेशीच्या जनुकांत असंख्य बदल होतात आणि इतकी बदललेली पेशी टी-पेशींना परकी म्हणून ओळखता येते. तळपायावर ऊन पोहोचत नाही. तेथील मेलानोमात असे बदल कमी असतात आणि म्हणून त्यात टी-पेशींचा शिरकावही सरासरीने कमी असतो. तेव्हा तळपायाच्या गाठीत ‘नॉन-ब्रिस्क’ लिहिलेले पाहून मला आश्चर्य वाटत नाही आणि तुम्हीही त्यातून वडिलांच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढू नये.

एक विनंती करते. डाग दोनदा खरवडला गेला होता असे तुम्ही म्हणता. अशा जखमेच्या तळाशी मेलानोफेज, म्हणजे सांडलेले रंगद्रव्य गिळलेल्या भक्षकपेशी, मोठ्या संख्येने जमू शकतात. त्या काळ्या असतात, फुगलेल्या असतात आणि कर्कपेशींसारख्या दिसतात. फरक असा, की मेलानोफेजमधले कण जाड व ओबडधोबड असतात, तर कर्कपेशीतले रंगद्रव्य बहुधा धुळीसारखे बारीक असते. डोळ्यांवर भागत नसेल तर सॉक्स१० ही खूण लावतात; ती मेलानोसाइटच्या केंद्रकात उमटते आणि भक्षकपेशीत उमटत नाही. पूर्वी यासाठी एस१०० वापरत असत, पण ती लँगरहान्स आणि तिच्या गोतावळ्यातील डेंड्रायटिक पेशींनाही रंगवते, त्यामुळे नेमक्या या प्रश्नात ती घोटाळा वाढवते. तुम्ही रुग्णालयाकडून मेणाचा ब्लॉक (ज्यात गाठीची ऊती जपून ठेवलेली असते) आणि काचा मागून घ्या आणि त्वचेच्या पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. रुग्णाच्या नातेवाइकाने तसे मागण्यात गैर काही नाही आणि कोणत्याही चांगल्या पॅथॉलॉजिस्टला त्याचा राग येत नाही.


प्रकाशकिरण, बेंगळुरू

मी प्रकाशिकीचा अभ्यासक आहे. काचपट्टींच्या कापातील टी-पेशी मेलेल्या आणि स्थिर आहेत. फॉर्मॅलिनने त्यांना ज्या क्षणी पकडले, त्या क्षणाचा पत्ता आपल्याला कळतो. त्या कुठून आल्या, किती वेळ थांबल्या आणि पुढे कुठे निघाल्या होत्या, हे कळत नाही. हालचाल पाहायची तर जिवंत ऊतीत खोलवर पाहिले पाहिजे आणि तिथे अडथळा असतो तो प्रकाशाच्या विखुरण्याचा. दुधातून पलीकडचे दिसत नाही, त्याच कारणाने त्वचेतूनही दिसत नाही.

यावरचा उपाय आला तो द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाने. एकाच रेणूने एकाच वेळी दोन फोटॉन शोषून घेण्याची कल्पना मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली कागदावर मांडली होती. विनफ्रिड डेन्क, जेम्स स्ट्रिक्लर आणि वॅट वेब यांनी १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात तिच्यावर आधारलेला सूक्ष्मदर्शक प्रत्यक्षात आणला. त्यात लांब लहरींचा अवरक्त लेसर वापरतात, जो कमी विखुरतो. दोन फोटॉन एकदम शोषले जाण्याइतकी प्रकाशाची दाटी फक्त नाभीच्या बिंदूवर, म्हणजे प्रकाश जिथे एकवटतो तिथे, होते, म्हणून चमक फक्त तिथूनच निघते आणि वरखालची ऊती अंधारातच राहते. शिवाय कोलॅजनचे तंतू काही रंग न घालताच दिसतात, कारण ते त्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करून परत पाठवतात. त्यामुळे टी-पेशी आणि तिच्या वाटेतले कुंपण एकाच चित्रात मिळते.

२००२ पासून उंदरांच्या लसिकाग्रंथींत टी-पेशी अशा पाहिल्या जाऊ लागल्या आणि त्या मिनिटाला साधारण दहा मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या अंगाएवढे अंतर, सतत भटकत असल्याचे दिसले. गाठीत मात्र ओळखीची कर्कपेशी भेटली की त्या थांबतात. उंदरातील बी१६ या मेलानोमावर पीटर फ्रिडल यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम मला या धाग्याच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका टी-पेशीचा एक आघात कर्कपेशीला बहुधा मारत नाही. ती जखमी होते आणि वेळ मिळाला तर सावरते. थोड्या अवधीत एकामागून एक अनेक टी-पेशींनी तिला गाठले, तर ते आघात साचत जातात आणि मग ती मरते. म्हणजे काचपट्टी ज्याला ‘ब्रिस्क’ म्हणतात, त्या दाटीला यांत्रिक अर्थ आहे. विखुरलेल्या शंभर टी-पेशी आणि एका जागी जमलेल्या शंभर टी-पेशी यांचे फळ सारखे नसते.


विवेक, ठाणे

प्रकाशकिरण, आपले विवेचन आवडले, पण एक आक्षेप नोंदवतो. बी१६ ही पेशींची जात १९५४ साली एका उंदरात आढळलेल्या गाठीपासून निघालेली आहे. त्या पेशी उंदराच्या त्वचेखाली टोचल्या की दोन आठवड्यांत गाठ होते. माणसाचा मेलानोमा वर्षानुवर्षे रोगप्रतिकारक यंत्रणेच्या सहवासात वाढतो आणि त्या काळात ज्या कर्कपेशी पकडल्या गेल्या त्या मरून, लपता येणाऱ्या तेवढ्या उरलेल्या असतात. दोन आठवड्यांच्या गाठीत हा सगळा इतिहासच नसतो. मग तेथील चलच्चित्रावरून पंचगंगाताईंच्या वडिलांच्या गाठीबद्दल आपण काही म्हणू शकतो का?


प्रकाशकिरण, बेंगळुरू

विवेक, आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. उंदरातून आपल्याला यंत्रणा कळते, रुग्णाचे भवितव्य कळत नाही. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या गाठीचे ताजे, जाड काप काही तास जिवंत ठेवून त्यांत टी-पेशींची हालचाल पाहतात. पॅरिसमध्ये २०१२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अशा कापांवर झालेल्या कामात दिसले, की टी-पेशी कोलॅजनच्या तंतूंच्या दिशेने सरकतात आणि कर्कपेशींच्या बेटांभोवती जिथे कोलॅजन दाट विणलेले असते तिथे त्या बाहेरच फिरत राहतात. तो कर्करोग त्वचेचा नव्हता, हे मी स्पष्ट करतो, परंतु पायथ्याशी अडकलेले सैन्य कशामुळे अडकते, याचे एक उत्तर त्यात आहे.


चार्ल्सकाठ, बॉस्टन

मी इथे पेशींच्या चित्रांचे संगणकीय विश्लेषण करतो. काचपट्टींच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे.

‘टी-पेशी कुठे आहे’ हा प्रश्न आता पुरेसा राहिलेला नाही. ती कोणत्या अवस्थेत आहे आणि तिच्या शेजारी कोण आहे, हेही विचारावे लागते. मारक टी-पेशी थकलेली असू शकते. तिच्या शेजारी तिला आवरणारी नियामक टी-पेशी असू शकते. कर्कपेशीने पीडी-एल१ हा रेणू पुढे करून तिला थांबवलेले असू शकते. हेमाटॉक्सिलिन-इओसिनच्या काचेवर या सगळ्या निळ्या ठिपक्यांसारख्या सारख्याच दिसतात. म्हणून एकाच कापावर अनेक खुणा पाहण्याची तंत्रे आली. हार्वर्डमध्ये पीटर सॉर्गर यांच्या गटाने विकसित केलेल्या चक्रीय इम्युनोफ्लुओरेसन्स तंत्रात एका फेरीत तीन-चार चमकणारे प्रतिपिंड लावून चित्र घेतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइड व प्रकाशाने ती चमक विझवतात आणि त्याच कापावर पुढची फेरी करतात. अशा फेऱ्यांतून एकाच कापावर डझनावारी प्रथिने पाहता येतात. झुरिकच्या बेर्न्ड बोडेनमिलर यांच्या गटाने २०१४ मध्ये वेगळीच वाट काढली: प्रतिपिंडांना रंगाऐवजी दुर्मीळ धातू जोडायचे, लेसरने काप कणाकणाने उडवायचा आणि कोणता धातू कुठून उडाला हे मोजायचे. त्यात मेलानिनच्या तपकिरी रंगाची अडचणच उरत नाही, हे रंगद्रव्य यांना नक्की आवडेल.

माझा मतभेद मोजणीबद्दल आहे. एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टना दिली तर एक ‘ब्रिस्क’ म्हणतो आणि दुसरा ‘नॉन-ब्रिस्क’, हे नेहमी घडते. संगणक दर वेळी सारखेच मोजतो. तेव्हा हे काम डोळ्यांकडून काढून घेतले पाहिजे, असे मला वाटते.


काचपट्टी, पुणे

चार्ल्सकाठ, डोळ्यांत फरक पडतो हे मी अनेकदा अनुभवले आहे, त्यामुळे तुमच्या म्हणण्यातले तथ्य मी नाकारत नाही. पण दर वेळी सारखे मोजणे म्हणजे दर वेळी बरोबर मोजणे नव्हे. लिम्फोसाइट सात-आठ मायक्रॉनची आणि आमचा काप चार मायक्रॉनचा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पेशी कापली गेलेली असते. तिचा अर्धा भाग शेजारच्या कापात गेलेला असतो आणि जी टी-पेशी कर्कपेशीपासून अलग दिसते ती कदाचित त्या हरवलेल्या अर्ध्या भागात तिला चिकटलेली असते. जाड कापांची त्रिमितीय चित्रे घेण्याचे काम तुमच्याकडेच सुरू आहे, ते याच कारणासाठी. शिवाय व्रणाखाली जमलेल्या लिम्फोसाइट जखमेमुळे आलेल्या असतात, कर्कपेशींमुळे नव्हे. त्या वगळायच्या हे मला काच पाहताना सुचते, कारण वर फाटलेली त्वचा मला दिसत असते. संगणकाला हे शिकवता येईल, पण कोणीतरी काच पाहणाऱ्यानेच ते शिकवले पाहिजे. मोजणी त्याने करावी आणि काय मोजायचे हे आम्ही ठरवावे, एवढ्यावर आपले एकमत व्हायला हरकत नसावी.

शेजाऱ्यांबद्दलचे तुमचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. २०२० साली स्वीडनमधील लुंड येथील आणि ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातील गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की मेलानोमात काही ठिकाणी बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या लिम्फोसाइट) व टी-पेशी मिळून लसिकाग्रंथीसारखी छोटी वस्ती उभारतात, आणि ज्यांच्या गाठीत अशा वस्त्या असतात त्यांना टी-पेशींचा लगाम सोडणारी औषधे अधिक लागू पडतात. या वस्त्या आम्ही साध्या काचेवर वर्षानुवर्षे पाहत होतो आणि ‘लिम्फोसाइटचे पुंजके’ म्हणून पुढे जात होतो. डॉ. अनुराधांनी लँगरहान्सची जी गोष्ट सांगितली, तिच्यात आम्हीही आहोत.

आणि गाठीत शिरलेल्या टी-पेशी हे आता औषधही आहे. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुग्णाच्याच गाठीतून या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, पुन्हा त्यालाच दिल्या. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात वीस रुग्णांपैकी अकरा जणांच्या गाठी लक्षणीयरीत्या लहान झाल्या. त्याच मार्गाने तयार झालेल्या लिफिल्युसेल या उपचाराला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

माझ्या सहकाऱ्याने तो अहवाल दुरुस्त केला. त्यात आता असे लिहिले आहे: ‘गाठीच्या तळाशी डाव्या बाजूस लिम्फोसाइट कर्कपेशींच्या मध्ये शिरलेल्या आहेत, उजव्या बाजूस त्या केवळ भोवतालच्या ऊतीत आहेत, वर्ग नॉन-ब्रिस्क, व्रणाखालील लिम्फोसाइट गणल्या नाहीत.’


पंचगंगा, कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टीताईंनी सांगितल्याप्रमाणे ब्लॉक आणि काचा मागितल्या; चार दिवसांत मिळाल्या आणि कोणी नाराजी दाखवली नाही. दुसऱ्या तज्ज्ञांनी सॉक्स१० लावून पाहिले. तळाच्या ज्या काळ्या पेशींपर्यंत जाडी मोजली होती, त्यांतल्या पुष्कळशा मेलानोफेज निघाल्या, त्यामुळे जाडी २.६ ऐवजी २.१ मिलिमीटर धरली गेली. पायरी त्यामुळे बदलत नाही, असे कर्करोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले, कारण दोन ते चार मिलिमीटरचा गट एकच आहे. लिम्फोसाइटचा वर्ग पूर्वीचाच राहिला.

त्या तज्ज्ञांनी मला पडद्यावर ती काच दाखवली. ‘या तुमच्या वडिलांच्या टी-पेशी,’ असे म्हणून त्यांनी बोट ठेवले, तिथे दोन मोठ्या फिकट पेशींच्या मधल्या फटीत तीन निळे ठिपके अगदी दाटून बसले होते. मी त्याचे छायाचित्र घेऊन बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘बाकीच्या कुठं हायत?’ मी त्यांना गाठीबाहेरची निळी दाटी दाखवली. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.